धुऱ्यापलीकडचे तण

वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीला दरवर्षी नांगर लागत नसे. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे पटकन खरे वाटणार नाही, पण वाशिम, रिसोड, मंगरूळपीर या पट्ट्यात जुन्या शेतीचे मुख्य अवजार वखर. वैशाखात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत उतरते आणि जमीन आपली आपणच उलथीपालथी होते. वखराच्या पासेने वरचा थर मोकळा केला, की तिफण चालायला रान तयार. नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलेला असे. काही वर्षांतून एकदा तो बाहेर निघायचा, आणि निघाला की गावाला कारण विचारावे लागत नसे. शेतात कुंदा शिरलेला असायचा.

कुंदा हे इथलेच गवत. ते कोणी आणले नाही, कुठल्या बोटीतून आले नाही. दख्खनच्या काळ्या मातीतच ते वाढले. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव इस्चीमम पायलोसम. वरून पाहावे तर साधे हिरवे गवत, गुरांना चारा. खरा कुंदा जमिनीखाली असतो. जाडसर, खवल्याखवल्यांची, पेरापेरांची आडवी खोडे मातीत खोलवर पसरत जातात. शेतकरी त्यांना सरळ मुळ्या म्हणतो आणि त्याचे काही बिघडत नाही. या मुळीचे एखादे पेर तुटून मातीत राहिले तरी त्यातून नवे रोप उभे राहते. वखर वरची पाने कापतो, पण पेरांपर्यंत पोचत नाही. पाने कापलेला कुंदा पुढच्या पावसात आणखी जोमाने येतो. अशा रानात कपाशी पिवळी पडते आणि ज्वारीचे ताट पोसत नाही.

तो काढायचा हंगाम ठरलेला. रब्बी निघाली, चैत्र लागला, माती दगडासारखी झाली की नांगराला एकामागे एक बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपायच्या. एवढे बैल एका घरी कुठून असणार? शेजाऱ्यांच्या जोड्या सावडीने यायच्या, आणि मग त्यांच्या रानात आपली जोडी न्यायची. नांगराने डोकी फुटतील एवढी मोठी ढेकळे निघत. ती तशीच वैशाखाच्या उन्हात भाजू द्यायची, म्हणजे आतली मुळी वाळते. जिथे कुंदा फार दाट, तिथे नांगरही हरायचा. तिथे टिकास, कुदळ, सब्बल घेऊन माणसे उतरत आणि पट्टा ठरवून गुत्त्याने खोदकाम चाले. मागून बायका मुळ्या वेचून ढीग घालत आणि ते ढीग रानातच जाळले जात. एवढे करूनही पुढची दोन वर्षे डवरणीच्या वेळी नजर ठेवावी लागे, कारण राहिलेले पेर कुठे ना कुठे डोके काढतेच.

या खटाटोपाला पैसा लागायचा, आणि इथेच तणाचा इतिहास सावकाराच्या वहीत शिरतो. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यांच्या कारभारात वाशिम पुढे स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी कागदांत त्याचे स्पेलिंग आजच्या नावाशी जुळत नाही, ‘बासिम’ असे लिहिलेले सापडते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. मधल्या काळातली कुंद्याची नोंद शोधायची तर अकोला जिल्ह्याच्या दप्तरात शिरावे लागते. जमिनीची सुधारणा आणि साफसफाई यासाठी सरकारी कर्ज देणारा कायदा १८८३ सालचा. लोक त्या कर्जाला तगाईच म्हणत. पण तगाई मिळवायला तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत जोडे झिजवावे लागत आणि सावकार दारातच बसलेला असे.

१८९९-१९०० चा दुष्काळ या पठारावर फार क्रूर ठरला. १८९१ आणि १९०१ या दोन खानेसुमाऱ्यांच्या मध्ये वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या दहा टक्क्यांहून अधिक घटली. माणसांच्या आधी बैल गेले. बैल नाहीत म्हणजे नांगर नाही, आणि एक-दोन हंगाम पडीत राहिलेल्या काळ्या रानात कुंदा आणि हरळी काय करतात हे इथल्या कोणत्याही म्हाताऱ्याने बोटे मोडत सांगावे. पीक गेले तर ते एका सालचे नुकसान. तण बसले तर रान परत मिळवायला नव्याने भांडवल लागते, आणि दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या घरात नेमके तेच नसते.

तरी कुंद्याच्या या सगळ्या गोष्टीत एक सोय होती, आणि ती पुढच्या गोष्टीत उरली नाही. कुंदा ज्याच्या शेतात, डोकेदुखी त्याची. त्याने खोदला तर फायदा त्याला. मुळी धुऱ्याखालून शेजाऱ्याकडे सरकते खरी, पण सावकाश; कोणाच्या रानातून कुठे आली हे दोघांनाही दिसते. वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्यावरून होणाऱ्या भांडणांवर तालुक्याच्या कोर्टातले किती वकील पोसले गेले याचा हिशेब नाही. त्या भांडणांत कुंदाही एक पक्षकार असायचा.

असाच जमिनीखालून चालणारा एक पाहुणा युरोपात सध्या घरांच्या किमती पाडतो आहे. नागासाकीजवळच्या डच वखारीत डॉक्टर म्हणून गेलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड या जर्मन माणसाने जपानहून जी रोपे आणली, त्यांत नॉटवीड होते. लायडनच्या त्याच्या रोपवाटिकेत ते वाढले आणि १८४७ साली उट्रेख्टच्या कृषी व उद्यान संस्थेने त्याला त्या वर्षीची सर्वांत लक्षवेधी शोभेची वनस्पती म्हणून सुवर्णपदक दिले. १८५० मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात रोप पोचले, तिथून श्रीमंतांच्या बागांत. आज ब्रिटनभर माजलेले नॉटवीड म्हणजे एकाच मादी रोपाच्या तुकड्यांची संतती आहे. बी न धरताही त्याने देश व्यापला. १९८१ च्या कायद्याने ते मोकळ्या रानात लावणे किंवा पसरवणे गुन्हा ठरवले. घर विकताना मालकाला नॉटवीडबद्दल लेखी उत्तर द्यावे लागते आणि उत्तर ‘आहे’ असेल तर बँका कर्जाला का-कू करतात.

वेल्समधल्या मायस्टेग गावातला खटला वाशिमच्या वकिलांनाही ओळखीचा वाटेल. दोन घरमालकांच्या भिंतीमागे रेल्वेची जमीन, आणि तिच्यावर वर्षानुवर्षे माजलेले नॉटवीड. घराचे प्रत्यक्ष काही मोडले नव्हते. तरी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने रेल्वेला जबाबदार धरले : शेजाऱ्याच्या जमिनीत मुळ्या शिरल्या, तिथे त्याला सुखाने नांदता येईनासे झाले, एवढे पुरे. म्हणजे पडीक जागेचा मालक कितीही मोठा असो, त्याच्या तणाचा हिशेब त्याच्याच नावावर. वऱ्हाडातल्या धुऱ्याच्या भांडणाचाच हा न्याय आहे, फक्त समोरचा पक्ष रेल्वे आहे.

आपल्याकडे सरकारने तणाच्या लढाईत थेट उडी घेतली ती स्वातंत्र्यानंतर लगेच. वऱ्हाड तेव्हा ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांतात होते. प्रांताच्या उत्तरेला सागर, दमोह, होशंगाबाद हा गव्हाचा पट्टा. १८९० च्या दशकात तांबेरा आणि दुष्काळाने तिथली शेती पडली आणि रिकाम्या रानात कांस नावाचे उंच, खोल मुळांचे गवत घुसले. पन्नास वर्षे ते हटले नाही. १९४८ मध्ये प्रांताने खास कांसनिर्मूलनाचा कायदा केला. सरकारने पट्टा जाहीर करायचा, ट्रॅक्टर आत घालायचे, जमीन खोल उलटायची आणि खर्च जमीनधारकाकडून वसूल करायचा, अशी त्याची रचना. केंद्राची सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेने मागे सोडलेल्या यंत्रांवर सुरू झाली होती. ती कमी पडली म्हणून जागतिक बँकेकडे हात पसरला. बँकेचे भारताला पहिले कर्ज ऑगस्ट १९४९ मध्ये रेल्वेसाठी. दुसरे, पुढच्याच महिन्यात, एक कोटी डॉलरचे : तणाने व्यापलेली जमीन फोडणाऱ्या यंत्रांसाठी. धरणे आणि पोलादाच्या आधी या देशाने गवत उपटायला परदेशी कर्ज काढले, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून का गळाले कोण जाणे.

वाशिमच्या वाट्याला त्या मोहिमेचे फारसे काही आले नसणार; कांस उत्तरेचा, कुंदा दक्षिणेचा. पण ट्रॅक्टर आला तो आलाच. पुढच्या दशकांत भाड्याच्या ट्रॅक्टरला पलटी नांगर लावून जे काम एका सकाळी होऊ लागले, त्याला पूर्वी बैलांच्या चार जोड्या आणि अर्धा उन्हाळा लागे. टिकासीने कुंदा खोदणारी माणसे हळूहळू दुसऱ्या कामांना लागली. कुंदा संपला नाही, पण त्याची दहशत संपली.

तोवर पुण्यात एक वेगळेच रोप कचऱ्याच्या ढिगावर उगवले होते.

ते गाजराच्या पाल्यासारख्या पानांचे, पांढऱ्या बारीक फुलांचे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणातले आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून ते प्रसिद्ध केले : पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ गाव मेक्सिकोचे आखात आणि आसपासचा उष्ण अमेरिकी मुलूख. महाराष्ट्रात त्याची नावे लवकरच बारशाविना पडली. गाजरगवत, चटकचांदणी, पांढरफुली, आणि सर्वांत लाडके काँग्रेस गवत. शेवटच्या नावामागची कथा गावोगाव सारखीच सांगितली जाते. अमेरिकेने पीएल-४८० कराराखाली निकृष्ट लाल गहू पाठवला, त्यात हे बी मिसळलेले होते, सत्तेवर काँग्रेस होती. फुलांचा रंगही पांढऱ्या टोपीशी जुळणारा. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला ही कथा पटवून द्यावी लागत नाही.

तारखा मात्र या कथेला पूर्ण साथ देत नाहीत. पीएल-४८० हा अमेरिकी कायदा जुलै १९५४ चा. त्याखाली भारताचा पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. पुण्यातली नोंद त्याच वर्षी छापली गेली आणि रोपे त्याआधीच दिसली होती. कराराचा गहू बंदरात उतरण्यापूर्वी गवत पुण्यात उभे होते. अमेरिकी धान्यच दोषी धरायचे तर १९५१ च्या टंचाईत अमेरिकेने कर्जाऊ दिलेला गहू जास्त संशयित ठरतो. आणि त्याही मागे जाता येते. कलकत्त्याच्या कंपनी बागेतल्या वनस्पतींची विल्यम रॉक्सबर्गची यादी १८१४ मध्ये छापली गेली, त्यात हे नाव आहे. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहात वनाधिकारी डीट्रिख ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला नमुना आहे. म्हणजे पाहुणा सव्वाशेहून अधिक वर्षे कुठेतरी ओसरीवर बसून होता. घरात शिरायची वाट त्याला विसाव्या शतकाच्या मध्यात मिळाली, आणि धान्याच्या पोत्यांनी, मालगाड्यांनी, ट्रकच्या टायरांनी ती रुंद केली. आयात गव्हाला निर्दोष ठरवायचे कारण नाही. पण एकट्या त्याच्यावर खापर फोडून बाकीचे मोकळे सुटतात.

गाजरगवताची चाल कुंद्याच्या नेमकी उलट आहे. त्याला खोल मूळ नाही; पावसाळ्यात दोन बोटांत धरून ओढले तर सोटासकट वर येते. त्याची ताकद बियांत. एक मोठे झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकते. बी एवढे हलके की वारा, पाणी, गुरांचे खूर, मुरमाचा टिप्पर, कोणीही त्याला पुढे नेते. ओल मिळाली की बाराही महिने उगवते आणि तीन-चार महिन्यांत एक पिढी पुरी करते. मुळांतून आणि पाल्यातून अशी द्रव्ये सोडते की शेजारी दुसरे रोप धरत नाही. गुरे तोंड लावत नाहीत. चाऱ्यात मिसळून पोटात गेले तर दुधाला कडवट चव येते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या अंदाजानुसार देशात सुमारे साडेतीन कोटी हेक्टरवर ते पसरले आहे.

माणसाच्या अंगाला त्याने काय केले याची पहिली ठळक नोंदही पुण्याचीच. डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी १९६८ मध्ये या झाडामुळे होणाऱ्या त्वचारोगाबद्दल लिहिले, आणि पुढे एकेकाला होणारा हा त्रास साथीसारखा पसरल्याचे दाखवले. पार्थेनिन नावाचे द्रव्य कातडीला लागते. मान, चेहरा, कोपराची वळणे लाल होऊन चिरतात, खाज रात्री झोपू देत नाही. परागकणांनी शिंका आणि दमा. एकदा अंगाला ते बाधू लागले की पुढे नुसत्या वाऱ्यानेही त्रास होतो. वऱ्हाडात निंदण हे बायकांचे काम. पदर कमरेला खोचून, उकिडवे बसून, नुसत्या हातांनी गवत उपटणाऱ्या बाईच्या हातांवर हा इतिहास लिहिला गेला आहे आणि त्याची नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. हातमोज्यांचा सल्ला सगळ्या पत्रकांत छापलेला असतो. शेतावर दिसतात त्या बहुधा हाताला बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या.

शेताच्या आत मात्र हे गवत फार माजू शकले नाही, हे मान्य करावे लागेल. वाशिम आज सोयाबीनचा जिल्हा आहे. १९८० च्या दशकानंतर ज्वारी आणि कपाशीची जागा या पिकाने कशी घेतली ती वेगळी मोठी गोष्ट. ज्वारीबरोबर तिच्या मुळांवर जगणारा टारफुला गेला आणि सोयाबीनबरोबर तणनाशकाची बाटली आली. पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या आत फवारायचे इमॅझेथापायर आता दुकानातल्या पोराला तोंडपाठ आहे. डवरणी अजून होते, निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून फवारणी जास्त होते. पिकाची ओळ स्वच्छ राहते. गाजरगवत उभे असते ते धुऱ्यावर, पांदणरस्त्याला, शाळेच्या कुंपणाला, स्मशानभूमीत, बाजार समितीच्या आवारात, बसस्थानकामागे. आणि लेआउटमध्ये.

लेआउट हा शब्द विदर्भाला समजावून सांगावा लागत नाही. गावाला लागून असलेले शेत बिगरशेती (एनए) झाले, त्यात मुरमाचे रस्ते आखले, चुन्याने प्लॉट पाडले, की झाला लेआउट. वाशिम, कारंजा, रिसोडच्या कडेने असे कित्येक. प्लॉट घेणारा गुंतवणूक म्हणून घेतो. तो पुण्यात, नागपुरात किंवा दुबईत असतो. शेत होते तेव्हा वर्षातून दोनदा वखर फिरत असे, आता माती उकरून उघडी टाकलेली आणि वर कोणाचा पाय नाही. गाजरगवताला याहून चांगले रान मागूनही मिळणार नाही. डिसेंबर २०२२ पासून नागपूर-शिर्डी टप्प्यावर वाहने धावू लागली तो समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. रस्ता मोठा झाला की त्याच्या दोन्ही अंगांना उकरलेल्या मातीचा पट्टाही तेवढाच लांब होतो. कुंदा घामाने परत मिळवायच्या जमिनीत होता. हे तण कोणी घाम गाळणार नाही अशा जमिनीत आहे. धुरा ओलांडायला त्याला वाऱ्याची एक झुळूक पुरते, आणि कोणाच्या प्लॉटमधले बी कोणाच्या अंगणात आले हे कोणताही वकील सिद्ध करू शकत नाही.

कायद्याने हात घालून पाहिला तो कर्नाटकात. तिथे १९७५ मध्ये पीक-कीड कायद्याखाली गाजरगवत घातक तण म्हणून जाहीर झाले. म्हणजे ते काढणे जमीनधारकाचे कर्तव्य. पण सर्वांत जास्त गवत ज्यांच्या जमिनीवर होते, त्या सरकारी खात्यांना नोटीस कोण देणार? गवत कर्नाटकात अजून आहे.

माणसांनी हात टेकले तेव्हा किड्यांना बोलावले गेले. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे, फक्त पहिल्यांदा ती चुकून जमली. १७९५ मध्ये किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा समजून ब्राझीलहून एक भलताच किडा भारतात आणला गेला. रंग काही मिळाला नाही, पण त्या किड्याने एका जातीचे निवडुंग खाऊन साफ केले. पुढे १९२६ च्या सुमारास त्याचाच एक भाऊबंद मुद्दाम सोडून दक्षिणेतले फड्या निवडुंग पाच-सहा वर्षांत आटोक्यात आणले गेले. गावकुसाला लागून असलेली निवडुंगाची जंगले, ज्यांत साप आणि उकिरडे एकत्र नांदत, ती आज बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत याचे श्रेय त्या पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या किड्याला जाते. त्याचा सत्कार कोणी केला नाही.

गाजरगवतासाठी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा आणला आणि तपासण्यांनंतर १९८४ मध्ये सोडला. पिवळसर पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या रेषा असलेला हा किडा शेतकऱ्यांत मेक्सिकन भुंगा म्हणून ओळखला जातो. जून-जुलैच्या पावसाबरोबर तो जमिनीतून वर येतो, पानांवर अंडी घालतो, अळ्या आणि भुंगे दोघे मिळून झाडाचे नुसते काड्यांचे सांगाडे करतात. मध्यंतरी त्याच्यावर बालंट आले. सूर्यफुलाच्या पानांवर तो खाताना दिसला आणि तेलबियांच्या दिवसांत एवढे पुरे होते. समित्या बसल्या, वाटप थांबले. तपासाअंती कळले की सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते, भुंगा त्यांच्यामुळे फसला होता. तो सुटला. आता अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की वाशिम जिल्ह्यासाठीचे रिसोड तालुक्यातल्या करडा इथले कृषी विज्ञान केंद्र, गाजरगवताच्या सल्ल्यात भुंग्याचे नाव येतेच. एका ठिकाणी पाचशे-हजार सोडावेत असे सांगतात. अडचण एवढीच, की पाऊस सरला आणि थंडी पडू लागली की भुंगा मातीत शिरून झोपतो. गाजरगवत झोपत नाही.

स्थानिक उपाय दोन, आणि दोन्ही या भागातल्या माणसाला आपले वाटावेत असे. पहिला तरोट्याचा. पहिल्या पावसात तरोट्याची कोवळी भाजी खाणे ही वऱ्हाडातली रीतच. कोकणात तिलाच टाकळा म्हणतात. तरोट्याचे बी जागेवर दाट फेकले तर त्याची गर्दी गाजरगवताला उठू देत नाही. तण काढायला तणच, पण निदान खाता येण्यासारखे. दुसरा उपाय शेजारच्या पुसदचा. तिथल्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, भोकाभोकांच्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेण आणि माती थरांनी भरून तीन-चार महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे ते नाडेप टाके देशभर गेले. फुलावर न आलेले गाजरगवत त्यात बिनधास्त टाकता येते. फुलावर आलेले टाकले तर खताबरोबर बी शेतात परत.

राहिली फवारणी. घराच्या अंगणात आणि गोदामाच्या आवारात लोक वीस टक्क्यांपर्यंत मिठाचे पाणी मारतात; गवत करपते, आणि तिथे पुढे काही लावायचे असेल तर माती नासते. बाकी सारे ग्लायफोसेट या तणनाशकावर. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरताच ठेवला. कागदावर पाहिले तर, ज्याच्या प्लॉटवर गवत माजले त्याने असा व्यावसायिक बोलवायचा. जिल्ह्यात उंदीर-वाळवीसाठी येणारा माणूस मिळतो. रिकाम्या प्लॉटवरच्या गवतासाठी त्याला पैसे देणारा मालक मिळणे कठीण.

जबलपूरचे संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट असा गाजरगवत जागृती सप्ताह भरवते. शाळांच्या फेऱ्या निघतात, कृषी विज्ञान केंद्रांत व्याख्याने होतात, आवारातले गवत उपटताना छायाचित्रे निघतात. हेतू चांगला आहे. तारीख या पठाराला सोयीची नाही. इथे मृगाच्या पावसात, जूनच्या मध्यावर, पहिले रोप उगवते आणि महिना-दीड महिन्यात पांढरे होते. म्हणजे स्वातंत्र्यदिनानंतर शाळेची पोरे गवत उपटायला उतरतात तेव्हा पहिल्या पिढीचे बी झडू लागलेले असते, आणि उपटलेले झाड ट्रॉलीत भरून नेताना उरलेलेही रस्त्याने सांडत जाते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पहिल्या डवरणीच्या वेळी, माती ओली आणि रोप वीतभर असताना तेच काम निम्म्या हातांनी होईल. दुसरा हात पोळ्यानंतर फिरवावा लागतो, कारण उशिरा उगवलेले तोवर वर आलेले असते. तिसरा फेब्रुवारीत, नालीच्या कडेने आणि गळक्या नळाखाली, जिथे तेवढीच ओल उरलेली असते. भुंगा तेव्हा मातीखाली असतो आणि लेआउटचा मालक गावाबाहेर, त्यामुळे तो हात बहुधा शेजारच्या घरातल्या बाईचाच.